माळवदावरचा माणूस

१

"काका, आमचे बाबा चोरीला गेलेत."

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला स्वप्नाली नगरपंचायतीच्या नकाशा कक्षात शिरली आणि एवढंच बोलली. मी पेपरातलं शब्दकोडं सोडवत होतो. तिचे बाबा, म्हणजे दगडोबा मोरतळे, वारून दोन वर्षं झाली होती. मी स्वतः खांदा दिलेला. म्हणून पेन्सिल खाली ठेवली आणि आधी तिला पाणी दिलं.

मी उमाशंकर बिराजदार. पस्तीस वर्षं सरकारी मोजणीदार होतो. या तालुक्यातला असा बांध नसेल ज्यावर मी उन्हात उभं राहून दोन भावांची भांडणं ऐकलेली नाहीत. लिंगनपेठ हे आमचं गाव, जळकोटच्या अलीकडे. निवृत्त झालो तसं नगरपंचायतीनं मला पुन्हा धरून आणलं, कारण त्यांच्या नव्या नकाशाला घरांची उंची कळते, पण कोणती भिंत कुणाची हे कळत नाही.

हा नवा नकाशा मोबाइलवर दिसतो. नाव 'त्रिमिती लिंगनपेठ'. अख्खं गाव त्यात उभं आहे. बोटानं फिरवावं, वाकवावं, गल्लीत उतरावं, हव्या त्या घरावर टिचकी मारावी. घर क्रमांक, उंची, सगळं पुढ्यात. कागदोपत्री हे सगळं नाल्यांच्या आणि घरपट्टीच्या सोयीसाठी. लोक मात्र शेजाऱ्याच्या गच्चीवर काय काय चढवून ठेवलंय ते बघायला वापरतात.

फोटो दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये ड्रोननं काढलेले. त्यानंतर रस्ता रुंद करताना दगडी वेशीजवळची बारा घरं पाडली. नकाशात मात्र ती तशीच उभी राहिली, कारण नकाशा सुधारायला कुणाला सवड नव्हती. त्यातलं एक दगडोबाचं. आणि त्या घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, खुद्द दगडोबा बसलेला होता.

"मी रोज दुपारी चहा ठिवला की बघते," स्वप्नाली म्हणाली. तिला हिमायतनगरला दिलेली, तिथं तिच्या नवऱ्याचं खताचं दुकान. "आमच्याकडं बाबाचे फोटो दोनच, काका. एक आधार कार्डाचा, त्यात ते घाबरल्यावानी दिसतात. दुसरा माझ्या लग्नातला, त्यात फेटा दुसऱ्याचा. नकाशात ते त्यांच्यासारखे बसलेत. सोमवारपर्यंत होते."

तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. दगडी वेस होती. शेजारचं वीरण्णाचं दुकान होतं. मधे करडा चौकोन, धुऊन पुसून ठेवल्यासारखा.

मी बोटानं गल्ली पुढेमागे फिरवली. पाडलेली बाकीची अकरा घरं जशीच्या तशी उभी होती. गेलं होतं ते एकट्या दगडोबाचं.

२

नकाशाचं सगळं काम तनुजाच्या हातात. ती नांदेडची, कंत्राटावर आलेली, तिशीतली बाई. कामाला वाघ, पण तिला आपल्या कामात कुणी नाक खुपसलेलं खपत नाही. मी विचारल्यावर तिनं खुर्ची वळवली.

"मीच काढलं. गेल्या सोमवारी. सूचना आली होती."

"कुणाची?"

"नाव नाही. बाहेरच्या यंत्रावरून आली."

आमच्या कचेरीच्या पडवीत बोटानं चालणारं एक मोठं यंत्र आहे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांनी तिथं नकाशा बघावा. त्यावर 'चूक कळवा' असं बटण आहे आणि लिहिता न येणाऱ्यांसाठी माइकचं चित्र; त्यावर बोट ठेवून बोललं की यंत्र आपोआप लिहून घेतं. नाव विचारत नाही. नाव विचारलं तर आमच्या गावात कुणी तोंड उघडणार नाही, हे मीच सुचवलं होतं.

तनुजानं ती सूचना पडद्यावर काढली. सोमवार, दुपारी बारा बावन्न. मी वाचलं:

'धोंड्याच्या वेशीपाशी जे घर दिसलालंय ते पाडल्यालं हाय ते नकाशात ठिवू नका काढून टाका लई झालं'

"घर पाडल्याचा दाखला फायलीत आहे," तनुजा म्हणाली. "जागेवर बोटानं खूण केलेली होती. सूचना खरी, म्हणून मी मान्य केली. पाच वाजता घर काढलं."

"त्याच्यावर माणूस बसला होता. तुम्हाला दिसला न्हाई का?" स्वप्नालीनं विचारलं.

तनुजा जरा वरमली. "दिसलं काहीतरी. पांढरं, वर लाल. मला पाण्याची टाकी वाटली."

खोटं कशाला सांगू, त्या चित्रात दगडोबाला चेहरा नव्हताच. पांढरं धोतर, लाल पटका, एक पाय दुमडलेला, एक सोडलेला. पण माणूस बसण्यावरूनही ओळखू येतो, आणि लेकीला तर येतोच.

"खरं तर माणूस दिसायलाच नको होता," तनुजा म्हणाली. "ड्रोन एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो, शेकडो फोटो घेतो. जे हलतं ते जुळणीत पुसलं जातं. अख्ख्या गावात मला तीनच जीव सापडलेत. दोन बांधलेले बैल आणि हे."

"परत उभं करा की मग."

"जुनी प्रत सात दिवस राहते. सोमवारी पाच वाजता कायमची पुसली जाईल, जागा कमी पडते म्हणून. आणि साहेबांना मी विचारलं होतं ताई, तुमचा फोन आल्यावर. ते म्हणाले, घर खरंच पाडलंय, मग उभं कशाला करायचं. ज्यानं सूचना दिली त्यानं ती मागे घेतली तरच."

म्हणजे तीन दिवसांत तो माणूस शोधायचा होता, ज्याला मेलेल्या दगडोबाचं माळवदावर बसणं सहन झालं नव्हतं. स्वप्नालीनं माझा हात धरला. "काका, तुमी गावातली एकेक वीट ओळखता. मला माझा बाप पाहून द्या."

मला नाही म्हणता आलं नाही. ड्रोन आला त्या दिवशी माझी अंबिका स्वयंपाकघरात होती. त्यानंतर सहा महिन्यांनी ती गेली. नकाशात आमच्या घराचे पत्रे दिसतात, चांगले सोळाच्या सोळा. मीही रोज ते बघतो, कुणाला सांगत नाही, आणि पत्र्याखाली ती काय करत असेल याचा विचार करत बसतो.

३

संशय पहिला वीरण्णावर जाणार होताच. वीरण्णाचं किराणा दुकान दगडोबाच्या घराला लागून. घर पडलं तसा याच्या दुकानाचा ओटा पुढे सरकायला लागला, आता तो नाल्यावर येऊन बसलाय. नकाशात दगडोबाची भिंत उभी असेपर्यंत कुणीही मोजून सांगू शकला असता, की ओटा किती हात पुढे आला.

"या या, बिराजदार साहेब," वीरण्णा म्हणाला. "दानम्मा, चहा टाक."

"वीरण्णा, दगडोबाचं घर नकाशातून गेलं."

"कळालं मला. गल्लीतली पोरं सांगत होती." त्यानं शेंगदाण्याचं पोतं सारून मला बसायला जागा केली. "अन् तुमी थेट माझ्याकडं आलाव."

"ओटा तुझाच वाढलाय."

"वाढलाय की. मी कुठं न्हाई म्हणलालो?" तो हसला. त्याच्या बायकोनं, दानम्मानं, आतून चहा आणून ठेवला. मग म्हणाला, "साहेब, तुमी हुशार माणूस. डोस्कं चालवा. मला पुसायचंच आसलं तर मी माझा ओटा पुसीन. दगडी वेशीजवळचं त्याचं घर कशाला पुसू? ते पुसलं तर सगळ्यांचं ध्यान हितंच यील. आलंच की, तुमी आलाव."

मी मोबाइल काढून पाहिलं. नाल्याच्या कामासाठी तेवढा दुकानाचा कोपरा गेल्या महिन्यातच नव्यानं चढवला होता, त्यात वीरण्णाचा ओटा होता, अगदी पायरीसकट. दगडोबाची भिंत गेली तरी नाल्याची कड दिसत होती, आणि ओटा मोजायला तेवढी पुरे होती. वीरण्णा लबाड आहे, पण खुळा नाही.

"आणखी एक सांगू का?" त्यानं आवाज खाली आणला. "मी इल्ल, ठाव न्हाई, म्हणून सोडलो आसतो, पण तुमी घरी आलाव. सोमवारी मी लायसनच्या कामानं तुमच्या कचेरीत होतो. दुपारी. तवा तितं रामलिंग उबा होता. स्वप्नालीचा भाऊ. लातूरहून आलता, अन् बहिणीला त्यानं सांगितलं नसंल."

४

सांगितलं नव्हतंच. स्वप्नालीचा चेहरा बघून मला ते कळलं. आम्ही तिच्या आईकडे निघालो होतो. सिंधुबाई आता नव्या वस्तीत दोन खोल्यांत एकट्या राहतात. घराला अजून पायरी नाही, दारात एक मोठा दगड टाकलाय.

"त्या धोंड्यावर जपून पाय द्या, भावजी," सिंधुबाई आतून म्हणाल्या. "डुगडुगलालाय तो."

मी जपून पाय दिला आणि आत गेलो. सिंधुबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. मग चुलीकडे वळल्या.

"आई, बाबा नकाशातून गेले. कुणी तरी घर काढाय लावलं," स्वप्नाली म्हणाली.

"आसं," सिंधुबाई म्हणाल्या. "जेवून आलीस का न्हाई?"

"हाव, नांदेडला खाल्लं."

"हिमायतनगरला जाऊन हाव शिकली," त्या मला म्हणाल्या आणि भाकरी थापायला बसल्या. मग पावसाचं बोलल्या, नातवाच्या शाळेचं बोलल्या. माझ्या गुळाच्या चहात आलं जास्त पडलं म्हणून हळहळल्या. मी अर्धा तास बसलो. स्वप्नाली दोनदा रडली. सिंधुबाई भाकरीवरून हात न काढता तिला म्हणाल्या, "रडू नगं बाई, चटका बसंल मला."

रामलिंगला मी तिथूनच फोन लावला. तो शनिवारी सकाळच्या गाडीनं आला. लातूरला शाळेत कारकून आहे, सरळ माणूस, बोलायला फटकळ. बहिणीला बघताच म्हणाला, "झालं, नकाशासाठी पन्नास कोस आलीस. आई आजारी होती तवा मात्र सवड झाली न्हाई."

"तू सोमवारी कचेरीत काय करत होतास?" स्वप्नालीनं विचारलं.

"वारस नोंद करून घ्यायलो होतो. आईचा अंगठा लागत होता म्हणून तिला घिऊन गेलतो. तुला सांगून काय करू? तू ते काम सोडून बाबा दाखव म्हणली आसतीस." मग तो माझ्याकडे वळला. "काका, मला ते चित्र आवडत नव्हतं, खरंय. हिनं चित्रापायी गावाला येणं सोडलं. फोनमधी बाप हाय म्हणून आईला बघाय यायची गरज वाटंना. पण मी काढलं न्हाई. बारापासून सव्वापर्यंत मी आत लायनीत हुबा होतो, साहेबांच्या दारात. शिपायाला विचारा."

मी शिपायाला विचारलं. खरं होतं. रामलिंगनं लायनीत शिपायाशी भांडणही काढलं होतं, त्यामुळे त्याला चांगलं ध्यानात होतं.

म्हणजे वीरण्णा नाही, रामलिंग नाही. तनुजाला तर दगडोबा टाकी वाटला होता. रविवार असाच गेला. स्वप्नाली आईच्या दारात मोबाइल घेऊन बसून राहिली आणि करडा चौकोन मोठा करून बघत राहिली. आता एकच दिवस उरला होता.

५

सोमवारी मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या शंकराच्या देवळात जातो. अंबिका असताना दोघं जायचो. सगळं गाव त्याला शंकराचं देऊळ म्हणतं, पण ती कधी म्हणाली नाही. 'भोलेनाथाला जाऊन येऊ' म्हणायची. माझं नाव उमाशंकर ना. मी तिला चिडवायचो, एकदा शंकर म्हण, तुला पैठणी घेतो. ती पदर तोंडात धरून आत पळायची. चाळीस वर्षांत पैठणी घ्यायची वेळ आली नाही.

बेल वाजवायला हात वर केला आणि तसाच राहिला.

गावात सगळे 'दगडी वेस' म्हणतात. वीरण्णा म्हणतो, स्वप्नाली म्हणते, नकाशातही तसंच लिहिलंय. 'धोंड्याची वेस' म्हणताना मी आजवर कुणाला ऐकलं नव्हतं. मग सूचनेत तो शब्द आला कुठून? तनुजा नांदेडची, तिला वाटलं असेल आमच्याकडे असंच म्हणतात. मी तर इथलाच, पस्तीस वर्षं हीच नावं कागदावर लिहीत आलो, तरी तीन दिवस मला खटकलं नाही.

ज्या बाईच्या नवऱ्याचं नाव दगडोबा, ती बाई दगडाला दगड म्हणत नाही. ती जन्मभर धोंडाच म्हणते. दारातला डुगडुगणारा असो, नाहीतर वेशीतला.

आणि वीरण्णा रामलिंगला बघून आला, पण रामलिंग आईला पडवीत बसवून आत गेला होता. त्या सव्वा तासात सिंधुबाई एकट्या त्या यंत्रापुढे होत्या. शुक्रवारी त्या सगळ्यावर बोलल्या होत्या, पाऊस, शाळा, चहातलं आलं. घर कुणी काढलं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

पण का? बाईनं नवऱ्याला का पुसावं? देवळातून मी थेट कचेरीत गेलो आणि तनुजाला जुनी प्रत उघडायला लावली.

"यातली सावली बघ," मी म्हणालो. "वेशीची सावली किती आहे?"

तिनं मोजली. "अगदी पायाशी. दुपारचे साडेबारा ते एक. थांबा, ड्रोनची नोंद पण आहे." तिनं शोधलं. "या गल्लीवरून ड्रोन बारा चाळीस ते एक पंचवीस फिरला."

"आणि हा पाऊण तास हलला नाही?"

"हलला असता तर उरला नसता."

मी खुर्चीत मागे टेकलो. दगडोबाच्या शेताची मोजणी मी तीनदा केली. बारा वाजले की या माणसाची चुळबुळ सुरू व्हायची. साडेबाराला मोजणीची साखळी अर्ध्यात टाकून घराकडे निघायचा. म्हणायचा, हाक आली आसंल. असा माणूस मार्चच्या उन्हात, ऐन जेवणाच्या वेळी, पाऊण तास माळवदावर दगडासारखा बसून राहिला होता. मला आता सगळं कळलं होतं, आणि कळून काही बरं वाटलं नाही.

६

दुपारी दोनला मी सिंधुबाईंकडे गेलो. त्या दारात गहू निवडत होत्या. स्वप्नाली आत पडली होती.

"वैनी," मी हळू म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही त्यांना जेवायला हाक मारली नव्हती. खरं ना?"

सिंधुबाईंनी सूप खाली ठेवलं. त्यातले दोन खडे वेचून बाहेर टाकले.

"मला न विचारता सही केली," त्या शेवटी म्हणाल्या. "घर पाडाय हरकत न्हाई म्हणून. मी त्या घरात सोळाव्या वर्षी आले. दोन पोरं तितं झाली. अन् मला न विचारता सही. मी म्हणलं, ऱ्हावा मग उपाशी. ते वर जाऊन बसले. मी सैपाक केला, ताट वाढलं, झाकून ठिवलं. वर उजेडाच्या साण्यातून दिसत होता त्यांचा पाय. मी हाक मारली न्हाई. तवाच ते यंत्र घोंगावत आलं."

"मग?"

"मग काय. अडीचला आपलं आपण उतरले. पाणी पिऊन झोपले. संध्याकाळी मी चहा दिला, ते हासले, मी पण हासले. मिटलं सगळं. तीन हप्ते जगले त्याच्यानंतर, भावजी, एक दिवस भांडण न्हाई. हातानं पोहे करून घातले मला एकदा. पण त्या यंत्रानं ते काय बी न्हेलं न्हाई. तेवढी दुपार घिऊन गेलं."

स्वप्नाली दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तू यायचीस अन् मला दाखवायचीस," सिंधुबाई तिला म्हणाल्या. "बग आई, बाबा कसे झकास बसलेत. तुला गोड वाटलालं. मला वाटायचं, ऊन किती हाय, अन् हे अजून उपाशी बसलेत. दोन वर्षं झाली. मी कुणाला सांगू? तूच शिकवलं होतंस ना मला, माइकावर बोट ठिवून बोलायचं. तशी बोलले."

स्वप्नाली आईच्या शेजारी खाली बसली. आईचा धुळकट हात तिनं मांडीवर घेतला. "मला सांगायचं की," ती एवढंच म्हणाली.

"सांगून तुझा बाप तुझ्यापासून काढून घिऊ का?"

साडेचारला आम्ही चौघं नकाशा कक्षात होतो. रामलिंगही आला, मागे उभा राहिला. मी तनुजाला एवढंच सांगितलं, की सूचना देणाऱ्या या, आणि मागे घ्यायची की नाही ते या ठरवतील. तनुजानं जुनी प्रत मोठ्या पडद्यावर लावली. घर उभं राहिलं, मातीच्या भिंती, शिडी, माळवद, आणि वर तो, पांढरा, लाल, चेहरा नसलेला.

मला ठाऊक होतं, स्वप्नालीला ते किती हवं होतं. पहाटे अंधारात निघून तीन गाड्या बदलून ती त्यासाठी आली होती. ती पडद्याकडे बघत राहिली. मग तनुजाला म्हणाली, "काढून टाका ताई. आईला तरास होत आसंल तर मला नगं."

रामलिंगनं बहिणीकडे पाहिलं. मला वाटतं, बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"थांब," सिंधुबाई म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठल्या आणि पडद्यापाशी गेल्या. "बाई, हे फिरतंय ना? सैपाकघराच्या अंगानं फिरीव. हां. आता खाली आण, अंगणात. बास."

तनुजानं गाव फिरवलं. आता आम्ही अंगणात उभे होतो, खालून वर बघत, जिथं सिंधुबाई चाळीस वर्षं रोज दुपारी उभ्या राहिल्या असतील. माळवदाची कड वर होती आणि तिथून एक पाय खाली सोडलेला.

सिंधुबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अहो," त्या म्हणाल्या. कचेरीत ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, पण हाक होती ती. "चला की जेवाय. वाढलंय."

पडवीत शिपाई खुर्च्या सरकवत होता, तो थांबला. माझ्या मनात माझ्या घराचे सोळा पत्रे आले. बाकीचं सांगत नाही.

पाचाला पाच मिनिटं होती. तनुजानं दोनदा घड्याळ पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण नियम तिलाच पाळायचा होता. "काकू," ती हळू म्हणाली, "सांगा ना. सूचना मागे घ्यायची, की काढून टाकू?"

सिंधुबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही.

"घाई कशाला करतीस, बाई," त्या म्हणाल्या. "गुडघे धरल्यात त्यांचे. शिडी उतराय वेळ लागतोय. तवर ऱ्हाऊ दे."

तनुजानं सूचना मागे घेण्याचा कागद पुढे केला आणि सिंधुबाईंनी त्यावर अंगठा दिला.